खाल्ल्या मिठ्याचे ऋण

एखाद्या मिष्टान्नावरून धर्माधर्माचा विचार करावयास बसावे, याचे वाचकांस प्रथम हसूच येईल. पक्वान्न पानात वाढून घ्यावे, त्यावर लेख कशाला लिहावा, असेच आमचेही मत गेल्या मार्गशीर्षापर्यंत होते. आमच्या एका पुतणीने ते बदलावयास लावले. तिच्या गावच्या देवस्थानातील महिलामंडळाने घरोघरच्या जुन्या पाककृतींचे एक पुस्तक काढण्याचे ठरविले आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वारशाचा एक पदार्थ लिहून द्यावयाचा, त्याखाली चार ओळींत त्याचा इतिहास द्यावयाचा, आणि शेवटी ‘हा पदार्थ आपण कोणाकडून शिकलात?’ या प्रश्नाचे उत्तर भरावयाचे. पुतणीने आमच्या घरचा खुबानीचा मिठा निवडला. कृती तिला पाठच होती. इतिहासासाठी ती आमच्याकडे आली, आणि येताना शीर्षक मात्र लिहूनच घेऊन आली : ‘आमच्या घराण्याचा परंपरागत नैवेद्य’.

ती ओळ वाचून ‘ठीक आहे’ म्हणण्याची आमची छाती होईना. ती का झाली नाही, हे तिला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

खुबानी म्हणजे वाळविलेला जर्दाळू. बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुरगी, हे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबादच्या छत्राखाली होते, आणि राजधानीच्या पंगतीतील ‘खुबानी का मीठा’ आमच्या बाजारगावांपर्यंत लग्नकार्यांच्या वाटेने येऊन पोचला होता. मराठीत त्याचा ‘मिठा’ झाला. कृती दिसावयास साधी आहे. खुबानी रात्रभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी ती फुगून मऊ झाली, की बोटांनी बिया काढून घ्याव्यात आणि ज्या पाण्यात भिजविली त्याच पाण्यात मंद विस्तवावर शिजत ठेवावी. साखर शेवटी. ती आधी पडली तर फळ आखडते आणि मग कितीही शिजविले तरी चामट राहते. इकडे बिया वरवंट्याने हलकेच फोडून आतील गर काढावा. तो दिसावयास बदामासारखा आणि चवीलाही जवळजवळ बदामच. गरम पाण्यात घालून त्याची साल काढावी आणि शिजलेल्या मिठ्यावर पसरावा. वर दाट साय. यात एक सावधगिरी आहे : काही वाणांच्या बियांचा गर कडू निघतो आणि त्या कडूपणात विषाचा अंश असतो. म्हणून आमची आजी प्रत्येक खेपेच्या खुबानीतील एकदोन गर आधी जिभेला लावून पाही, आणि कडू निघाले की त्या खेपेचे सर्व गर फेकून देई. एरवी बी टाकून देणारी स्वयंपाकीण तिच्या लेखी अडाणी होती.

आमच्या कोंकणी वाचकांस फळ वाळवून त्याचे गोड करण्याची विद्या नवी नाही. आंब्याफणसाची साठे ज्यांच्या घरी उन्हाळाभर वाळत पडतात, त्यांस आम्ही देशावरच्यांनी काय शिकवावे! परंतु त्यांचा आंबा त्यांच्याच परसात पिकतो. जर्दाळूचे झाड दख्खनमध्ये रुजत नाही. त्याला हिवाळ्याची कडाक्याची थंडी लागते. काबूल-कंदाहार, इराण, गिलगिट, लडाख हा त्याचा मुलूख. आजमितीस जगातील वाळविलेल्या जर्दाळूंचा मोठा वाटा तुर्कस्तानातील मलात्या प्रांतातून येतो. पाचसहा शेर ताजे फळ उन्हात घालावे तेव्हा शेरभर सुके हाती लागते. आणि मग ते डोंगर, वाळवंटे ओलांडून खराब न होता कोठेही जाऊ शकते. जर्दाळू हे नावही फारसी आहे : ‘झर्द’ म्हणजे पिवळा, ‘आलू’ म्हणजे आलुबुखाराच्या जातीचे फळ.

तेव्हा आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या आप्तांनी पूर्वी जो आक्षेप घेतला होता, तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. दत्तजयंतीच्या नैवेद्यात हा मिठा पाहून ते म्हणाले होते, “फळ परदेशचे, नाव परभाषेचे, कृती परधर्मीयांची. हे देवापुढे कशाला?” या आक्षेपाचा निकाल लावण्यास फार वेळ नको. गणपतीपुढे आपण पंचखाद्याची खिरापत ठेवतो, ती पाहावी. खोबरे आपले. खारीक बसऱ्याकडची. खसखस आणि किसमिस यांची नावेसुद्धा फारसीतून आलेली. आणि किसमिसाचे ‘खिसमिस’ करून आपण त्याला ‘ख’च्या पंगतीत बसविले, हे तर कौतुकास्पदच आहे! कोंकणी वाचक येथे सांगतील, की आमचे पंचकजाय डाळ, गूळ, नारळ, तीळ, वेलची यांचे, म्हणजे अस्सल या मातीचे. ते खरे. पण त्यांच्याही फराळाच्या ताटात बटाटा आणि मिरची आहेतच, आणि ती दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आली. भुईमूग मूळचा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो कंदही तिकडचाच. व्रताचा भंग कशाने होत नाही हे सांगताना शास्त्राने पाणी, मूळ, फळ, दूध अशी यादी दिली आहे. फळ कोणत्या देशचे, हा प्रश्न तेथे कोणी विचारलेला आढळत नाही. गीतेत पान, फूल, फळ आणि पाणी यांचा स्वीकार सांगितला, तेथेही अट आहे ती देणाऱ्याच्या भक्तीची.

शिवाय बिदरसारख्या ठिकाणी बसून ‘परदेशचे’ हा शब्द उच्चारताना जरा जपावे. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून आपली राजधानी येथे आणली, तेव्हापासून या गावात दूरदूरच्या मुलखांतील माणसे येत राहिली. ज्या महमूद गवानची १४७२ सालची मदरशाची इमारत अद्यापि उभी आहे, तो इराणातील गीलान प्रांताचा; व्यापारी म्हणून आला, वजीर झाला, आणि १४८१ त आपल्याच सुलतानाच्या हुकुमाने मारला गेला. त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा विकावयास बिदरास आला होता. त्याच्या प्रवासवृत्तात एक गोष्ट मोठी हृद्य आहे. वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके नेली होती, त्यामुळे आपले उपासतापास कधी येतात हेच त्याला कळेना. तो बिचारा आजूबाजूच्या लोकांचे उपवास पाहून आपले उपवास करी आणि देवाची क्षमा मागे. येथील हिंदूंना आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहो असे त्याने सांगितले, तेव्हा त्यांनी आपला व्यापार, पूजा, जेवणखाण त्याच्यापासून लपविले नाही. मात्र ते एकमेकांच्याही पंक्तीस बसत नाहीत, हे त्याने टिपून ठेवले. आणि बिदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वलीची जी कबर आहे, तिची जत्रा होळीनंतर हिंदू तिथीने भरते आणि तिचा मान आळंदकडील माडियाळ गावच्या जंगमाकडे असतो. सुलतानास अल्लमप्रभूंचा अवतार मानणारे लोक त्या जत्रेत आजही दिसतात.

तेव्हा तो आक्षेप आम्ही बाजूस ठेवतो. आमची अडचण निराळी आहे, आणि ती सांगावयाची तर घरातील एक गोष्ट उघड करावी लागते.

आमचे मूळ गाव हुमनाबादकडील एक बाजारगाव. घराणे दत्तोपासक, गाणगापूरची वारी आणि माणिकनगरचा उत्सव या दोन गोष्टींवर घरातील वर्षाचा हिशेब चाले. शेजारी सुक्या मेव्याचे व अत्तराचे व्यापारी राहात. आमचे वडील त्यांस ‘चाचा’ म्हणत. दर वर्षी दत्तजयंतीच्या आधी चार दिवस चाचा कोऱ्या कापडात बांधलेली शेरभर खुबानी घेऊन येत आणि ओट्याच्या कडेवर ठेवून दोन पावले मागे सरत. आजी त्यावर पाणी शिंपडून गाठोडे उचली. परसातील भिंतीपलीकडे चाची असत. मिठा कसा करावा हे त्या भिंतीवरूनच त्यांनी आजीस शिकविले. त्यांचे एक वाक्य वडील नेहमी सांगत : “बीज फेंको नक्को भाबी, जान उसीच में है.” यातील ‘नक्को’ आणि ‘उसीच’चा ‘च’ ही आपलीच मराठी, दख्खनीने ती कधी आपलीशी केली हे दख्खनीलाही आठवत नसेल.

चाचींच्या हातचा मिठा मात्र आजीने कधी चाखला नाही. त्यांनी सांगावे, हिने सोवळ्यात करावा, देवाला दाखवावा आणि प्रसादाची वाटी भिंतीवरून पलीकडे द्यावी. ती वाटी ते आनंदाने घेत. म्हणजे शिजविलेले अन्न आमच्याकडून त्यांच्याकडे जाई, त्यांच्याकडून आमच्याकडे येई तो केवळ कोरडा शिधा. आमच्या लहानपणी या व्यवहाराचे वर्णन आमच्या वडीलमंडळींकडून ‘त्या काळची एकोप्याची रीत’ असे ऐकू येई. आम्हीही ते बरीच वर्षे तसेच समजत आलो. आज त्याचा विचार करू लागलो म्हणजे वाटते, की एकोपा होता हे खरे, पण त्याचा भार एकाच बाजूस होता. कोरे कापड आणावे, ओट्याची मर्यादा सांभाळावी, शिजविलेले देऊ नये, दिलेले मात्र मान राखून घ्यावे, एवढा सर्व विवेक त्या मेवेवाल्याच्या पदरचा होता. आम्ही त्याला आमचे पावित्र्य समजत होतो. आजीचा यात दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. तिला जी चौकट मिळाली तीत राहून तिने शेजार जिव्हाळ्याने जपला. पण चौकट कोणाच्या सोयीची होती, हे पाहिले पाहिजे.

मग १९४८ साल आले. त्या वर्षाविषयी या भागात दोन तोंडांनी बोलले जाते. एक तोंड रझाकारांचे अत्याचार सांगते, दुसरे त्यानंतरचे. आणि ज्याला एक सांगावयाचे असते तो बहुधा दुसरे गिळून टाकतो. दोन्ही खरे आहे. मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी केलेले हत्याकांड लोक अद्याप विसरलेले नाहीत. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातील एक शाखा सर्वस्व सोडून सोलापूरकडे आली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ ला निजामाने शरणागती दिली, आणि पुढील दिवसांत सूडाचे जे वारे सुटले त्यात ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसे बळी पडली. सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या अहवालात, अगदी हात राखून धरले तरी २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा अंदाज नोंदविला आहे. सर्वांत अधिक झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे त्यात सांगितले आहेत, त्यांत बिदर आणि गुलबर्गा आहेत. त्याच अहवालात असेही नमूद आहे, की काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना प्राणावर उदार होऊन वाचविले, आणि एका धंद्यातील माणसांत हा ओलावा विशेष दिसला : विणकरांनी विणकरांना राखले.

आमच्या घराविषयी असे काही सांगता येत नाही. एके रात्री परसाच्या दारावर थाप पडली. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. “भाबी” अशी हाक त्यांनी ऐकली आणि आवाज ओळखला. आजी उठली. आजोबा हलक्या आवाजात म्हणाले, “कडी काढू नका.” आजी दारापाशी उभी राहिली. पुन्हा एकदा हाक आली, मग पावले दूर गेली. सकाळी कळले, की चाचा, चाची आणि दोन मुले रात्रभर गल्लीच्या टोकाच्या तेल्याच्या घाण्याच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांमागे होती. त्या तेल्याचे आणि त्यांचे वर्षाकाठी पेंडीच्या देण्याघेण्यावरून भांडणच व्हायचे. चार दिवसांनी ती मंडळी हैदराबादकडे गेली ती परत आली नाहीत.

आजोबा क्रूर नव्हते. भ्याले होते, आणि त्यांच्या भीतीला कारणही होते, हे सोलापूरकडे गेलेल्या आप्तांचे हाल पाहिलेला कोणीही मान्य करील. त्या वर्षी दत्तजयंतीस गाठोडे आले नाही. आजीने हैदराबादहून खुबानी मागवून मिठा केला, देवापुढे ठेवला आणि पानात वाढला. आजोबांनी पानातली वाटी उजव्या हाताने बाजूस सारली. पुढे ते सव्वीस वर्षे जगले. दर वर्षी ती वाटी त्यांच्या पानात वाढली जाई आणि दर वर्षी ते ती बाजूस सारीत. दोघांत त्याविषयी एक अक्षरही बोलले गेले नाही.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल, की ‘आमच्या घराण्याचा परंपरागत नैवेद्य’ ही ओळ आमच्या घशाखाली का उतरेना. मराठीत खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. भाषेचे जाणकार सांगतात, की आपले ‘मीठ’ आणि हिंदीचे ‘मीठा’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मृष्ट’ या एकाच शब्दापासून निघाले; आपल्याकडे त्याचा अर्थ खारट झाला, त्यांच्याकडे गोड. तेव्हा खाल्ल्या मिठ्यालाही जागावयास हवे होते. सर्बिया देशात अतिथी घरात आला, की त्यास फळांच्या मुरंब्याचा एक चमचा आणि पेलाभर पाणी पुढे करण्याची रीत आहे, आपल्याकडील गूळपाण्यासारखीच. जगात सर्वत्र दारी आलेल्याच्या हातावर गोड ठेवतात, आणि ज्याच्या हातावर गोड ठेवले त्याला दारातून घालवीत नाहीत. आमच्याकडे गोड त्यांनी ठेवले होते आणि दार आमचे होते.

वारसा म्हणजे काय, याचा खल करावयास बिदर जिल्ह्याइतके योग्य स्थळ भारतात दुसरे क्वचितच असेल. बसवकल्याण हे या जिल्ह्यातील गाव चालुक्यांची राजधानी होते, आणि सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे १०७६ ते ११२६ या अर्धशतकात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती या कल्याणनगरीच्या आश्रयाने. पुढे जवळजवळ साऱ्या भारतभर हिंदू कुटुंबाची वाटणी या ग्रंथाच्या आधारे होत आली. मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क पोचतो, हा त्यातील सिद्धान्त सर्वांस ठाऊक असतो, कारण तो फायद्याचा आहे. त्याच धर्मशास्त्राची दुसरी बाजू तितकीशी कोणी सांगत नाही. पित्याचे ऋण पुत्राने व्याजासह फेडावे, पितामहाचे ऋण पौत्राने मुद्दलापुरते फेडावे, आणि प्रपौत्राने मिळकत घेतली असेल तर फेडावे, अशी ती व्यवस्था आहे. जो दाय घेतो तो ऋणही घेतो.

आमचे म्हणणे एवढेच, की हा न्याय जमिनीस लागतो तसा पदार्थासही लागतो. मिठ्याची चव आम्ही जन्मतः मिळालेल्या हक्काने खातो. तर ज्या भिंतीवरून ती आली तिच्यापलीकडचे देणेही आमच्याकडे येते. नुसती चव ठेवून घ्यावी आणि खाते फाडून टाकावे, ही अफरातफर होईल.

यावर जे आक्षेप संभवतात ते आम्ही स्वतःस विचारून पाहिले. पहिला असा, की आजोबांच्या पापाचा ठपका नातवावर का? तो नाहीच. पाप ज्याचे त्याच्यापाशी राहते. आजोबांनी ते आपल्या पानातील त्या वाटीत सव्वीस वर्षे पाहिले. परंतु ऋण आणि पाप या निराळ्या गोष्टी आहेत. बापाने कर्ज काढले म्हणून मुलगा चोर ठरत नाही, पण देणेकरी ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : त्यांच्या लोकांनी आमच्या लोकांवर जे केले, त्याची वजावट नको काय? वजावटीचा नियम कोणत्याही पेढीवरचा मुनीम सांगेल. ती त्याच दोन पक्षांत होते. गोरट्याचे देणे ज्यांनी ते कृत्य केले त्यांच्या नावे आहे. कोऱ्या कापडात खुबानी आणणाऱ्याच्या नावावर ते टाकता येत नाही. आमच्या सोलापूरकडे गेलेल्या आप्तांचे दुःख खरे आहे आणि त्याचा जाब मागण्याचा हक्कही खरा आहे, पण तो जाब चाचींना परसदारी द्यावा लागावा, हा कोठला न्याय?

तिसरा आक्षेप आमच्या वकील स्नेह्यांचा. ते म्हणाले, “२००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून ते जुने बंधन गेले. आता केवळ धर्मकर्तव्य म्हणून बापाचे कर्ज मुलाकडून वसूल करता येत नाही.” आम्ही त्यांस पुढील परंतुक वाचावयास सांगितले. ती दुरुस्ती अमलात येण्यापूर्वी झालेल्या कर्जांस ती लागू नाही. आमचे कर्ज १९४८ चे. ते हसले, आम्हीही हसलो. पण हसून झाल्यावर दोघेही थोडा वेळ गप्प होतो.

ऋणको हजर आहे, धनकोचा पत्ता नाही, अशा वेळी काय करावे? स्मृतिकारांनी याचाही विचार केला आहे. ब्राह्मण धनको निपुत्रिक वारला तर त्याच्या सगोत्रांस द्यावे, तेही नसतील तर अन्य ब्राह्मणांस द्यावे, आणि कोणीच न मिळाल्यास ते द्रव्य पाण्यात सोडावे, असे सांगितले आहे. हा शेवटचा उपाय आम्हांस फार सोपा वाटतो. आमच्या वडिलांनीही तो पत्करला नाही. कामानिमित्त ते हैदराबादेस जात तेव्हा बेगम बाजारातील सुक्या मेव्याच्या पेठेत एक फेरी ठरलेली असे. शेरभर खुबानी घ्यावयाची, आणि दुकानदारास विचारावयाचे, की बिदरकडून आलेले असे असे कोणी येथे आहेत काय. तीस वर्षे विचारीत होते. आम्ही लहान असताना त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. आम्हांस वाटले, वडील भाव करीत आहेत.

गुरुचरित्राच्या अखेरच्या भागात बिदरच्या, म्हणजे त्या ग्रंथातील वैदुरापुरच्या, यवन राजाची कथा आहे. सप्ताह करणाऱ्या वाचकांस ती ठाऊकच आहे. पूर्वजन्मी तो कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा रजक होता. राजवैभव पाहून त्याच्या मनात वासना उठली आणि ती पुरी व्हावी म्हणून त्यास राजाचा जन्म मिळाला. पुढे मांडीवर असाध्य फोड उठला तेव्हा तो श्रीनृसिंह सरस्वतींकडे गाणगापुरास आला. गुरूंनी त्याला पाहताच त्याच्या जुन्या नात्याने हाक दिली आणि इतके दिवस कोठे होतास असे विचारले. त्या हाकेसरशी राजाला मागील जन्म आठवला, आणि फोडाचा शोध घेऊ लागला तो फोड नाहीसा. ही कथा आम्ही लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकत आलो. अलीकडे वाचताना आमची दृष्टी त्या क्रमावर खिळते. गुरूंनी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. आधी ओळख दिली. आठवण आली आणि मगच दुखणे गेले. त्यानंतर गुरू त्या राजाच्या नगरीत जाऊन त्याचे आतिथ्यही घेऊन आले. ज्या घराण्यात या ग्रंथाचे पारायण चुकले नाही, त्या घराण्याने परसदारची हाक ओळखूनही ओळख दिली नाही. त्या रात्री देव्हाऱ्यात पोथी होतीच.

गाणगापुरास आजही दुपारी भक्त पाच घरी माधुकरी मागतात, आणि त्या वेळी दत्तप्रभू कोणत्या ना कोणत्या रूपाने भिक्षेस येतात अशी श्रद्धा आहे; म्हणून कोणास विन्मुख पाठविण्यास तेथील गृहिणी भितात. माणिकनगरास माणिकप्रभूंनी १८६५ पर्यंत जो दरबार चालविला त्याचे नावच सकलमत. तेथे मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी या तिन्ही भाषांतली पदे झाली आणि त्यांच्या गादीस मुसलमान भाविकही माथा टेकीत आले. या दोन क्षेत्रांच्या मध्ये आमचे गाव. भोवताली असे सर्व असतानाही वेळेवर कडी निघाली नाही. ज्याने ती काढली त्या तेल्याच्या घरी कोणती पोथी वाचली जाई, याची आम्ही कधी चौकशी केली नाही.

मिठा करणे सोडून द्यावे काय, हाही प्रश्न पुतणीने सर्व ऐकून घेतल्यावर विचारला. आजोबांनी खाल्ला नाही, हे त्यांचे प्रायश्चित्त त्यांच्यापुरते शोभले. आजीने तो दर वर्षी केला. कोणता मार्ग बरोबर, हे आम्ही ठरवू शकलो नाही. परंतु आजीने तो सोडला असता तर ही गोष्ट आमच्यापर्यंत पोचली नसती, आणि मग आम्ही आज कशाचेही देणे लागत नाही अशा समजुतीने सुखात राहिलो असतो. म्हणून आम्ही करीतच आहो. मात्र पूर्वी पलीकडे जाणारी प्रसादाची वाटी १९४८ पासून बंद होती, ती गेली काही वर्षे पुन्हा सुरू झाली आहे. आमच्या आताच्या घराच्या खालच्या मजल्यावर भालकीकडील एक मुसलमान शिक्षक कुटुंब राहते. गेल्या ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचे भांडे आले. आमच्या घरातील थोरल्या वहिनींनी ते हातात घेतले, क्षणभर थांबल्या, आणि स्वयंपाकघरात नेऊन वाट्यांत वाढले. त्यातही खारीक होती.

पुतणीने शीर्षकातील ‘आमच्या घराण्याचा परंपरागत’ हे शब्द खोडले. इतिहासाच्या चार ओळींत वरचे सर्व मावणारे नव्हते. तिने खुबानी, कोरे कापड आणि भिंत एवढेच घेतले. मग शेवटचा प्रश्न राहिला : हा पदार्थ आपण कोणाकडून शिकलात? आम्ही म्हणालो, “शेजारणीकडून.” ती म्हणाली, “नाव लिहावे लागते, काका.” नाव आम्हांस ठाऊक होते, वडिलांनी ते सांगून ठेवले होते. आम्ही ते सावकाश उच्चारले, आणि तिने त्याचे ऱ्हस्वदीर्घ दोनदा विचारून घेऊन लिहिले.